घाम, सॉसेज आणि एका कवी डॉक्टरचं विष

जेवताना ऐकत असाल तर हा एपिसोड जरा नंतर लावा. कारण आजची गोष्ट सुरू होते बिघडलेल्या मांसापासून आणि पोचते थेट काखेत. मध्ये जवळपास १८० वर्षं जातात.

विषय आहे घाम कमी करणारी इंजेक्शनं. त्यात असतं तेच बोटॉक्स, जे आपण हिरोहिरॉइनच्या गुळगुळीत कपाळावरून ओळखतो. पण या विषाचा उपयोग घामावर होऊ शकेल, हे सुरकुत्यांचा विचारही कुणाच्या डोक्यात नव्हता तेव्हा एका माणसाने लिहून ठेवलं होतं.

त्याचं नाव युस्टिनुस केर्नर. जर्मनीतल्या वुर्टेम्बर्ग राज्यात सरकारी डॉक्टर, आणि तिथला नावाजलेला कवी. नेपोलियनच्या युद्धांनी तिथे गरिबी आणली होती. मांस नीट शिजवणं, नीट साठवणं जमत नव्हतं आणि सॉसेज खाऊन माणसं आजारी पडत होती, मरत होती. केर्नरने एकेक केस नोंदवायला घेतली. १८२० मध्ये ७६ रुग्ण, १८२२ च्या ग्रंथात १५५. सॉसेजमधून काढलेला अर्क त्याने प्राण्यांवर वापरून पाहिला आणि मग स्वतःच्या जिभेवरही ठेवला! (मंडळी, हे घरी करू नका. कुठेच करू नका.)

त्याचं निरीक्षण जबरदस्त होतं. रुग्णाचे स्नायू ढिले पडतात, तोंड कोरडं, डोळे कोरडे, त्वचा कोरडी. शुद्ध मात्र शाबूत. यावरून त्याने तर्क केला की हे विष मज्जातंतूंचा निरोप पुढे जाऊ देत नाही. आणि पुढची उडी तर कमालच. जे विष सगळं बंद पाडतं, ते अगदी थोडं दिलं तर जे गरजेपेक्षा जास्त चाललंय ते शांत करता येईल. अशा त्रासांच्या त्याच्या यादीत अति घामही होता. साल १८२२.

मग घामाचा मुद्दा तिथेच पडून राहिला. १८९५ मध्ये बेल्जियमच्या एलेझेल गावात अंत्यविधीला वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी खारवलेलं हॅम खाल्लं, आणि त्यातले तीन जण दगावले. एमिल व्हान अर्मेंगेम यांनी त्या हॅममधून विष तयार करणारा जिवाणू शोधून काढला. लॅटिनमध्ये सॉसेजला ‘बोटुलस’ म्हणतात, त्यावरून नाव पडलं बोटुलिनम. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने शस्त्र म्हणून यावर संशोधन केलं. त्यातूनच शुद्ध विष हातात आलं. पुढे एडवर्ड शँट्झ यांनी ते अॅलन स्कॉट या सॅन फ्रान्सिस्कोच्या नेत्रतज्ज्ञांना पुरवलं. स्कॉटना तिरळेपणावर ऑपरेशनऐवजी इंजेक्शन हवं होतं. माकडांवर प्रयोग, मग माणसांवर, आणि १९८९ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्यता.

आता थोडं आतलं काम समजून घेऊ. घामाच्या ग्रंथीला ‘सुरू हो’ हा निरोप मज्जातंतू अॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून देतो. हे हेन्री डेल आणि विल्हेल्म फेल्डबर्ग यांनी १९३४ मध्ये मांजराच्या पंजावर दाखवलं होतं. स्नायूलाही निरोप याच रसायनातून मिळतो. बोटुलिनम मज्जातंतूच्या टोकात शिरतं आणि हे रसायन बाहेर सोडणारं एक प्रथिन कापतं. माझ्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर चालू, रिसीव्हर चालू, फक्त ‘सेंड’ बटण काढून घेतलंय. काही महिन्यांनी शरीर ते दुरुस्त करतं आणि घाम परत येतो. म्हणून इंजेक्शन पुन्हा घ्यावं लागतं.

१९९४ मध्ये खलाफ बुशारा आणि डेव्हिड पार्क यांनी लिहिलं की चेहऱ्याचे स्नायू आखडणाऱ्या रुग्णांना हे इंजेक्शन दिलं, की तिथला घामही थांबतो. १९९६ मध्ये बुशारा आणि सहकाऱ्यांनी काखेत प्रयोग केला. केर्नरचं म्हणणं खरं ठरलं.

आता तारखा बघा. कपाळाच्या आठ्यांसाठी अमेरिकेत मान्यता २००२ मध्ये. काखेच्या अति घामासाठी २००४ मध्ये. सर्वांत आधी सुचलेला उपयोग सुरकुत्यांच्याही मागे! का?

मला वाटतं, कारण घामाला आपण आजार मानतच नाही. मराठीतच बघा. घाम गाळणारा तो कष्टाळू, घाम फुटला तो घाबरलेला. तिसरा अर्थच नाही. माझ्या तळहातांना शाळेपासून घाम येतो, पंख्याखाली बसूनही. दहावीला उत्तरपत्रिकेखाली रुमाल ठेवून पेपर लिहिलेत. ऑफिसचं बायोमेट्रिक मला ओळखत नाही, फोनची स्क्रीन भलतीकडेच टच घेते. आजी म्हणायची, कष्टाचे हात आहेत. मित्र म्हणतात, टेन्शन घेऊ नकोस. माणूस मग हात खिशात घालतो आणि गप्प बसतो. जो त्रास लपवला जातो, त्यासाठी बाजारात घाई कोण करणार?

डॉक्टर काय करतात तेही सांगतो. आधी आयोडीन लावून वर स्टार्च भुरभुरवतात. जिथे घाम तिथे गडद निळं. शाळेत बटाट्यावर केलेला तोच प्रयोग. ही चाचणी रशियन डॉक्टर व्हिक्टर मायनर यांच्या नावाने ओळखली जाते. मग प्रत्येक काखेत साधारण ५० युनिट, दहा-पंधरा ठिकाणी थोडं थोडं, अगदी त्वचेतच. परिणाम बहुतेकांना काही महिने टिकतो.

तळहाताचं गणित मात्र वेगळं. तिथे सुया जास्त दुखतात आणि विष खालच्या स्नायूंपर्यंत गेलं तर काही काळ पकड ढिली होते. माझी रोजीरोटी बोटांवर आहे. म्हणून मी आधी पाण्याच्या ट्रेमध्ये हात ठेवून सौम्य करंट देण्याचा उपचार निवडलाय. इंजेक्शनचं दार उघडं आहे, घाई नाही.

तुम्हालाही असा त्रास असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पहिला उपाय बहुधा अॅल्युमिनियम क्लोराइडचं साधं लोशन असतं. आणि घाम अचानक सुरू झाला असेल, झोपेत भिजायला होत असेल, वजन उतरत असेल, तर कारण वेगळं असू शकतं. तेव्हा थांबूच नका. पार्लरमध्ये स्वस्तात मिळतंय म्हणून इंजेक्शन तर अजिबात घेऊ नका. शेवटी ते विषच आहे. औषध होतं ते मात्रेमुळे आणि जाणत्या हातामुळे.

केर्नरने ऐकून घेतलं होतं, मोजलं होतं, लिहून ठेवलं होतं. आपण निदान डॉक्टरसमोर खिशातले हात बाहेर काढूया. भेटू पुढच्या भागात!