भंडाऱ्याचा परस आणि गावचा तलाव

1942 साली जपानी सैन्याने ब्रह्मदेश काबीज केला आणि तेथून हिंदुस्थानात येणारा तांदूळ थांबला. पुढल्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लक्षावधी माणसांचा बळी घेतला. ‘अधिक धान्य पिकवा’ ही हाक त्याच काळात देशभर घुमू लागली. विलायतेत तर 1939 पासूनच लोकांनी घरापुढील हिरवळ खणून बटाटे लावण्यास आरंभ केला होता. शहरवासीयांस हा धडा नवा होता. वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्ह्यात मात्र घराच्या पाठीमागे पोटापुरती भाजी काढणे हा गृहस्थीचाच एक भाग होता. पण या परसाचा इतिहास कुंपणाच्या आत सापडत नाही. तो शोधावयाचा, तर गावाबाहेर तलावाच्या पाळीवर जावे लागते.

या प्रदेशात पाऊस भरपूर पडतो. पण तो बहुतेक सारा चार महिन्यांत पडून वाहून जातो. मुख्य पीक धानाचे. मृगात पऱ्हे टाकावे, आषाढात रोवणी करावी, इथपर्यंत सारे ठीक. परंतु लोंबी भरण्याच्या वेळी हस्त नक्षत्राने पाठ फिरवली, तर तोंडाशी आलेला घास जातो. यावर तोड म्हणून तलाव आले. चांद्याच्या गोंड राजांनी जंगल तोडून तलाव बांधणारास जमिनीचे हक्क दिले, असे परंपरा सांगते. या कामी कोहळी समाजाचा हातखंडा होता. आपले पूर्वज काशीकडून आले, असे ते मानीत. 1908 साली रसेलने संपादिलेल्या जिल्ह्याच्या गॅझेटियरचा बराच भाग या तलावांनी व्यापला आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्याचे विभाजन झाले, तेव्हा तो नव्या गोंदिया जिल्ह्यात गेला.

दोन टेकड्यांमधली खिंड मातीच्या पाळीने अडवावी, जादा पाणी सांडव्यावाटे खालच्या तलावात जाऊ द्यावे, आणि तुडुम उघडून बांध्यांना व उसाला पाणी द्यावे, अशी ही योजना. लहान शेतकरी आपल्यापुरती बोडी खोदी. परंतु खरे चातुर्य पाणी साठविण्यापेक्षा ते ओसरताना वापरण्यात होते. ढीवर मंडळी तलावात शिंगाडा लावीत. धान कापणीस येण्यापूर्वीच ओल्या बांधीत लाखोळी फेकली जाई, आणि धुऱ्यावर तूर उभी असे. नदीचे पाणी उतरले की वाळूत डांगर आणि काकडीचे वेल पसरत. अशा रीतीने एकाच पावसाळ्याच्या पाण्यावर एकामागून एक पेरण्या साधत.

परसाचे वेळापत्रक याच क्रमात बसलेले होते. मृगाच्या सरींवर दोडका, कारले, भोपळा, वाल यांचे बी टोचावे. वेल मांडवावर आणि छपरावर चढवावे. थंडीत वांगी, मिरची लावावी. पावसाळी वेलाला आभाळ पुरे. पण माघ-फाल्गुनातल्या वांग्याला विहिरीचा आधार हवा, आणि विहिरीला तलावाच्या पाझराचा. तलाव भरलेला असे तेव्हा विहीर उशिरापर्यंत टिके, आणि तलाव कोरडा पडला की परसही उघडा पडे.

ही व्यवस्था समतेची होती असे मात्र मानू नये. इंग्रजी अमलात मालगुजार तलावाचे मालक ठरले. पाळीवर माती टाकणाऱ्या मजुराच्या झोपडीमागे विहीर कोठून असणार? त्याच्या वाट्याला पावसाळी वेल तेवढा येई. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मध्य प्रांतातील अशा भूमिहीनांचीच दैना सर्वांत अधिक झाली. तरीही तलाव राखण्याची जबाबदारी कोणाची, हे गावात प्रत्येकास ठाऊक होते.

1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि 1951 पासून तलाव सरकारच्या ताब्यात आले. अन्याय दूर करणारा हा बदल अवश्य होता. परंतु मालकीबरोबर काळजी आपोआप हस्तांतरित होत नाही. 1962 साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि लहान तलावांचा कारभार त्यांच्याकडे आला. तोवर आणि त्यानंतरही अनेक ठिकाणी गाळ साचला, बेशरमाचे रान माजले, काठांवर अतिक्रमणे झाली. जे सर्वांचे, ते कोणाचेच नाही, अशी गत झाली.

याच काळात पाऊसही आपली चाल बदलीत होता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील गोस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1951 ते 2000 या अर्धशतकातील नोंदी तपासून 2006 साली दाखवून दिले, की मध्य भारतात अतिवृष्टीचे प्रसंग वाढले आणि मध्यम पावसाचे कमी झाले. एकूण पाऊस तेवढाच राहूनही तो कधी कोसळतो, तर कधी दडी मारतो. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेच्या महापुराने भंडारा शहरातील घरांत पाणी शिरले. अशा पावसाला मृगाचे पंचांग पुरे पडत नाही. कोसळलेले पाणी सामावून घेणारे आणि दडीच्या दिवसांत ते परत देणारे भांडे लागते. ते भांडे भंडाऱ्याच्या पूर्वजांनी गावोगाव घडवून ठेवले आहे.

म्हणून परसबागेचा उपदेश करताना केवळ बी आणि खत यांची चर्चा अपुरी ठरते. परस खाजगी असला, तरी त्याचे पाणी सामाईक असते. 2017 पासून धरणे व तलावांतील गाळ काढून शेतात टाकण्याची योजना राज्याने राबविली. त्यात जुनीच रीत नव्याने ओळखली गेली, कारण तो गाळ जमिनीचे खत होतो आणि तलाव खोल होतो. मात्र हे काम एकदाच करून भागत नाही. ज्येष्ठात पाळ आणि तुडूम दुरुस्त झाले, तर माघात वांग्याला पाणी मिळते. हा हिशेब पूर्वी मालगुजार ठेवी. आता तो गावाने ठेवावयाचा आहे.