स्प्लिट फिन्स की पॅडल फिन्स? पहिले स्कूबा फिन्स घेण्याआधी हे वाचा

शहाडच्या माझ्या एका मित्राने ओपन वॉटर कोर्स करायचं ठरवलंय. ठाण्याहून तुतारी एक्सप्रेस, कुडाळला उतरायचं, तिथून मालवण. तिकीट कन्फर्म व्हायच्या आधीच त्याने मला व्हॉट्सॲपवर फिन्सच्या दोन लिंक पाठवल्या. एक फिन सरळ, अखंड. दुसरा मधोमध चिरलेला, माशाच्या शेपटीसारखा. खाली प्रश्न: "यातला कोणता भारी?"

डायव्हर लोकांमध्ये हा वाद वीस-पंचवीस वर्षं चालू आहे. मी दोन्ही वापरलेत आणि एकदा त्या नादात पाण्याखाली चांगलाच घाबरलोही आहे. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फिन नेमकं काय करतो?

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असतं. नुसत्या पायाने आपण त्यातलं थोडंच पाणी मागे ढकलू शकतो. फिनमुळे पायाचा पृष्ठभाग वाढतो, जास्त पाणी मागे जातं आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने आपण पुढे जातो. आधुनिक फिनचं पेटंट फ्रान्समध्ये लुई द कोर्लिए यांनी १९३३ मध्ये घेतलं. पुढे अमेरिकेत ओवेन चर्चिल यांनी १९४० च्या दशकात रबरी फिन्स लोकप्रिय केले.

दोन प्रकार

- पॅडल फिन: ब्लेड अखंड असतं. काहींना पाणी जाण्यासाठी झरोके असतात, तरी काम वल्ह्यासारखंच. स्कूबाप्रोचा जेट फिन १९६० च्या दशकातला, आजही विकला जातो.
- स्प्लिट फिन: ब्लेड मधून चिरलेलं, दोन्ही भाग लवचिक. १९९० च्या दशकाच्या शेवटी ही कल्पना बाजारात आली. नेचर्स विंगचं पेटंट घेऊन वेगवेगळ्या कंपन्यांनी असे फिन्स बनवले. अपोलोचा बायो-फिन आणि स्कूबाप्रोचा ट्विन जेट ही त्यातली गाजलेली नावं.

स्प्लिटवाल्यांचं म्हणणं

किक मारली की चिरलेले दोन भाग थोडे पिळले जातात. मग प्रत्येक भाग विमानाच्या पंखासारखा काम करतो आणि पाणी ढकलण्यासोबत 'लिफ्ट'ही तयार होते. त्यामुळे कमी ताकदीत तेवढंच अंतर जाता येतं, गुडघ्यांवर आणि घोट्यांवर भार कमी पडतो. पायात गोळे येण्याचा त्रास असलेल्यांना हा फरक लगेच जाणवतो.

पॅडलवाल्यांचं म्हणणं

ताकद लावली की पॅडल ती पाण्यापर्यंत पोचवतो, मऊ स्प्लिट फिन मात्र वाकून जातो. प्रवाहाविरुद्ध जाताना, दमलेल्या बडीला ओढताना किंवा जागच्या जागी वळताना हे महत्त्वाचं ठरतं. मागे सरकण्याची बॅक किक तर बहुतेक स्प्लिट फिन्सने नीट जमतच नाही. गुहेत किंवा बुडालेल्या जहाजात शिरणारे डायव्हर म्हणूनच बहुतेक वेळा पॅडल निवडतात.

मग खरं कोण?

इथे माझ्यातला इंजिनीअर जागा होतो. आपण ॲपमध्ये ए/बी टेस्ट करतो तेव्हा एकच गोष्ट बदलतो: बटणाचा रंग बदलला तर मजकूर तोच ठेवतो. फिन्सच्या तुलनेत सहसा तसं होत नाही. स्प्लिट फिनमध्ये चीर असते आणि ब्लेडही मऊ असतं. दोन गोष्टी एकदम बदलल्या. मग पायाला हलकं वाटलं ते चिरेमुळे की मऊपणामुळे? मऊ पॅडल फिनही पायाला हलका लागतो. त्यामुळे "स्प्लिट घातला आणि दमलोच नाही" हा अनुभव खरा असला, तरी त्याचं सगळं श्रेय चिरेला देता येत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याच्या विरोधाची. वेग दुप्पट केला तर विरोध चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट. म्हणजे घाई महाग पडते, फिन कोणताही असो. आणि ती महागाई मोजली जाते हवेत.

साधा हिशेब करू. ११ लिटरचा सिलेंडर २०० बारपर्यंत भरला तर त्यात साधारण २२०० लिटर हवा मावते. त्यातले ५० बार राखीव ठेवले तर वापरायला उरतात १६५० लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला १५ लिटर हवा घेणारा माणूस १० मीटर खोलीवर दुप्पट, म्हणजे ३० लिटर घेतो, कारण तिथे दाब दुप्पट असतो.

- शांतपणे पोहलात: १६५० ÷ ३० = ५५ मिनिटं
- धडपडत पोहून पृष्ठभागावरचा आकडा २५ लिटरवर गेला: १६५० ÷ ५० = ३३ मिनिटं

खाली जाण्या-येण्याचा वेळ यात धरलेला नाही, पण मुद्दा लक्षात येईल. बावीस मिनिटांचा हा फरक दोन प्रकारच्या फिन्समधला नाही. तो शांत किक आणि धडपड यांच्यातला आहे.

माझं काय झालं

कोर्स झाल्यानंतरच्या सुरुवातीच्या एका डाइव्हला मी भाड्याचे स्प्लिट फिन्स घातले होते. पाणी गढूळ, जेमतेम तीन-चार मीटरवरचं दिसत होतं. एका खडकाजवळ थांबून बघायचं होतं. मला थांबता येईना, मागे सरकता येईना. म्हणून पाय खाली सोडून वर-खाली फ्लटर किक मारत राहिलो. तळाची वाळू उठली आणि दोन सेकंदांत सगळं तपकिरी झालं. बडी दिसेनासा झाला.

कोर्समध्ये शिकवलेला नियम आठवला: एक मिनिट शोधा, नाही सापडला तर सावकाश वर या. ते एक मिनिट फार लांबलं. वर आलो तर तो थोड्याच अंतरावर डोकं काढून मलाच शोधत होता.

तेव्हा मी फिन्सना शिव्या घातल्या. नंतर कळलं की मोठी चूक माझीच होती. अंग आडवं नव्हतं, पाय डोक्यापेक्षा खाली होते आणि फ्रॉग किक मला येत नव्हती. फ्रॉग किकमध्ये बेडकासारखे पाय बाजूला उघडून मागे मिटायचे असतात. पाणी तळाकडे न जाता मागे जातं, म्हणून वाळू उठत नाही. पुढे पॅडल घेतले तेव्हा पहिल्या दिवशी पोटऱ्यांत गोळे आले. पण थांबणं, वळणं आणि मागे येणं यांवर ताबा आला.

मालवणच्या समुद्रात हे जास्त का महत्त्वाचं?

रील्समध्ये दिसणारं काचेसारखं निळं पाणी बहुतेक वेळा अंदमान किंवा मालदीवचं असतं. आपल्या कोकण किनाऱ्यावर नद्यांचा गाळ येतो, तळाला वाळू असते आणि व्हिजिबिलिटी रोज बदलते. पावसाळ्यात तर डायव्हिंग बंदच असतं. थोडी वाळू उठली तरी तुमच्यासकट मागच्या चार जणांचा डाइव्ह वाया जातो.

शिवाय सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत. हा भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर एवढेच वाढतात. बेफिकीर किकने ते तुटतात आणि उडालेला गाळ त्यांच्यावर बसला तर गुदमरतात. त्यात २०२४ मध्ये निवृत्त झालेली नौदलाची आयएनएस गुलदार निवती रॉकजवळ कृत्रिम प्रवाळ म्हणून वापरण्याचा प्रकल्प आहे. जहाजाभोवती पोहायचं तर ताबा आणखी लागतो.

कोणी काय घ्यावं?

- फक्त एकदा अनुभव घ्यायचाय: काहीही विकत घेऊ नका. प्रशिक्षक तुम्हाला धरूनच फिरवतो, फिनचा प्रकार इथे गौण आहे.
- कोर्स करताय: आधी सेंटरचे फिन्स वापरा. जमलं तर दोन्ही प्रकार मागून बघा.
- आपल्याच किनाऱ्यावर नियमित डाइव्ह करणार: मध्यम कडक पॅडल. खूप कडक नको.
- गुडघा किंवा घोटा दुखतो, स्वच्छ पाण्यात निवांत सरळ पोहायचंय: स्प्लिट चांगला. मऊ पॅडलही एकदा घालून बघा.

नेहमीचे प्रश्न

*स्प्लिट फिनने फ्रॉग किक होतच नाही का?*
होते, पण जोर कमी मिळतो. खरी अडचण बॅक किकची.

*स्नॉर्कलिंगचे फिन्स चालतील का?*
उथळ पाण्यात ठीक. स्कूबामध्ये अंगावर सिलेंडर आणि बीसीडी असतं, त्यांचा विरोध जास्त. छोटे मऊ ब्लेड कमी पडतात.

*ऑनलाइन घेऊ का?*
माप कळल्याशिवाय नको. ओपन हील फिन बूट घालून वापरायचा असतो, म्हणून मापही बूट घालूनच घ्या. बोटं दबली तर गोळे येणारच, मग फिन कितीही महाग असो.

*सराव कुठे करू?*
जवळच्या स्विमिंग पूलमध्ये परवानगी असेल तर फिन्सशिवायही फ्रॉग किकची हालचाल बसवता येते. उल्हास नदीत एकट्याने प्रयोग करायला जाऊ नका.

मित्राला मी शेवटी एवढंच लिहिलं: "दोन्ही लिंक बंद कर. त्या पैशात कोर्सनंतर दोन डाइव्ह जास्त कर आणि फ्रॉग किक पक्की कर. मग फिन्स घ्यायला आपण सोबत जाऊ."