टेलनेटचा शिरस्ता

दूरच्या संगणकावर आपल्या ठिकाणाहून प्रवेश मिळविण्याची टेलनेट नामक पद्धती जेव्हा जन्मास आली, तेव्हा तिच्या दाराशी पहारा असावा की नसावा हा प्रश्न उद्भवण्याचे काही कारणच नव्हते. १९६९ साली अमेरिकी संरक्षण खात्याच्या द्रव्यावर उभ्या राहणाऱ्या अर्पानेटच्या दप्तरी, पंधराव्या क्रमांकाच्या टिपणात, तिची नोंद झाली त्या वर्षी त्या जाळ्यात अवघी चार स्थळे होती. १९८३ मध्ये पोस्टेल आणि रेनॉल्ड्स यांनी तिचे नियम पक्के केले, तरी मूळची निर्धास्त वृत्ती पालटली नाही. परवलीचा शब्द टंकावा, आणि त्यातील एकेक अक्षर, कोणत्याही गुप्तलिपीचे आवरण न घेता, वाटेतील कोणालाही वाचता येईल अशा रीतीने पलीकडे जावे, हाच तिचा क्रम राहिला.

पुढे युनिक्स यंत्रे विकणाऱ्यांनी, गिऱ्हाइकाचे काम पहिल्याच दिवशी अडू नये म्हणून, ही सेवा चालू ठेवूनच यंत्रे रवाना करण्याचा प्रघात पाडला. हा निर्णय नव्हे, निव्वळ मामूल होता. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील परवलीचे शब्द चोरीस गेल्यावर तातू युलेनेन यांनी एसएसएच हा सांकेतिक मार्ग रचला, तरीही जुनी वहिवाट सुटली नाही.

बंद प्रयोगशाळेत टेलनेट सोयीचे पडते, असे जुने जाणते म्हणतात, आणि ते खोटे नाही. परंतु युनिक्सवर अशा सेवा जागविणाऱ्या इनेटडी नामक सेवकाच्या यादीत टेलनेटच्या ओळीआरंभी हॅशचे (#) चिन्ह ठेवून यादी पुन्हा वाचावयास लावली की सेवा निजते, आणि ते पुसून त्यास यादी पुन्हा वाचावयास लावली की ती जागी होते. जाणत्यास एवढे श्रम जड नाहीत, आणि अजाणत्यास तर आपल्या घरी असे दार आहे हेच ठाऊक नसते. २०१६ मध्ये मिराई नामक उपद्रवी प्रणालीने असंख्य कॅमेरे व राउटर हस्तगत केले, ते याच दारातून, कारखान्यातच ठरविलेल्या साठएक परवलीच्या जोड्या आळीपाळीने लावून पाहत.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्व यंत्रांना एकच सरसकट परवलीचा शब्द देण्यास कायद्याने मनाई झाली, हे योग्यच झाले. मात्र असुरक्षित प्रवेशसेवा बंद ठेवूनच यंत्र विकावे, असे कलम त्यात नाही. ते असावयास हवे.