अमेरिकेत लोक कमरेला लपवून पिस्तूल बाळगतात, पण ते निवडतात कसं? सगळ्यात छोटं पिस्तूल नवख्याच्या कामाचं का नाही?

टेक्सासमधल्या एखाद्या सुपरमार्केटच्या रांगेत तुम्ही उभे आहात. पुढच्या माणसाच्या ट्रॉलीत दूध, ब्रेड आणि कुत्र्याचं खाणं आहे. त्याच्या ढगळ टी-शर्टाखाली, पँटच्या आतल्या बाजूला भरलेलं पिस्तूल असू शकतं, आणि ते पूर्ण कायदेशीर असू शकतं. याला तिकडे ‘कन्सील्ड कॅरी’ म्हणतात. कन्सील्ड म्हणजे झाकलेलं, इतरांच्या नजरेला न पडणारं.

हे कायमच असं नव्हतं. १९८०च्या दशकापर्यंत बहुतेक राज्यांत असा परवाना द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असायचं. १९८७ मध्ये फ्लोरिडाने कायदा केला की अटी पूर्ण करणाऱ्याला परवाना द्यावाच लागेल. एकेक राज्य त्याच वाटेने गेलं. २०१३ मध्ये इलिनॉयने दार उघडलं आणि पूर्ण बंदी असलेलं एकही राज्य उरलं नाही. जून २०२२ मध्ये ब्रूएन खटल्यात सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कची ‘खास कारण दाखवा’ ही अटही रद्द केली. आज २९ राज्यांत तर बहुतेक प्रौढांना परवान्याचीसुद्धा गरज पडत नाही.

एवढे लोक शस्त्र बाळगायला लागले म्हटल्यावर त्यांच्यासाठी पिस्तुलं बनवणारा मोठा बाजारही उभा राहिला. त्या बाजारातला नेहमीचा प्रश्न एकच असतो: कोणतं घेऊ?

आधी हे वाचा, मग मॉडेल बघा

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. तुम्ही एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगणं हाच गुन्हा आहे. वैध शिकार परवाना असणं हा मोजक्या अपवादांपैकी एक. राज्याचा कायदा कितीही सैल असला तरी यात फरक पडत नाही.

आणि इथे ‘बाळगणं’ या शब्दाचा अर्थ बराच मोठा आहे. शूटिंग रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेली बंदूकही त्यात येते. पर्यटक व्हिसावर आलेल्या आईबाबांना लास व्हेगासच्या रेंजवर नेऊन रील टाकणाऱ्यांना बहुधा याची कल्पना नसते. ग्रीन कार्डधारकांना बंदूक घेता येते, पण शस्त्राचा गुन्हा सिद्ध झाला तर त्यांच्यावरही देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते. अधिकृत दुकानातून पिस्तूल घ्यायचं तर वय २१ पूर्ण हवं, शिवाय पार्श्वभूमीची तपासणी होते.

छोटं म्हणजे नेमकं किती छोटं?

‘कॉम्पॅक्ट’ हा शब्द कंपन्या मन मानेल तसा वापरतात, त्यामुळे खरी उदाहरणंच घेऊ.

ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीचं ग्लॉक १९ हे १९८८ मध्ये आलं. पोलीस आणि लष्करासाठी केलेल्या मोठ्या ग्लॉक १७ ची ही आखूड आवृत्ती. नळी साधारण १०२ मिलिमीटर, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या, आणि नव्या आवृत्तीचं मॅगझिनशिवाय वजन ६०० ग्रॅमच्या आसपास. कॉम्पॅक्ट म्हटलं की जाणकार अजूनही याच्याशी तुलना करतात. हातात धरायला भरपूर मोठं आणि जाड कपड्यांत लपेल इतकं लहान, असा हा मधला आकार आहे.

त्याच्या खालचा वर्ग कसा फोफावला ती गोष्ट मजेशीर आहे. १९९४ मध्ये केंद्रीय कायद्याने १० पेक्षा जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझिनच्या विक्रीवर बंदी घातली. ही बंदी सप्टेंबर २००४ पर्यंत टिकली. दहाच गोळ्या मिळणार असतील तर पंधरा गोळ्यांएवढी लांब मूठ कशाला हवी? त्याच सुमारास आलेलं दहा गोळ्यांचं ग्लॉक २६ या हिशेबात अगदी चपखल बसलं. म्हणजे बंदुका कमी घातक व्हाव्यात म्हणून केलेल्या कायद्याने त्या जास्त सहज लपतील अशा करायलाच बळ दिलं.

पुढची मोठी उडी जानेवारी २०१८ ची. सिग सॉअर कंपनीने पी३६५ बाजारात आणलं. जेमतेम इंचभर जाड, वजन अर्धा किलो, आणि तरीही मॅगझिनमध्ये १० गोळ्या. तोपर्यंत एवढ्या सडपातळ पिस्तुलात सहा ते आठच गोळ्या मावायच्या. गोळ्या रचायची पद्धत थोडी बदलून हे साधलं. पुढच्याच वर्षी स्प्रिंगफील्डचं हेलकॅट ११ गोळ्या घेऊन आलं आणि सगळ्या कंपन्या या शर्यतीत उतरल्या.

याहूनही लहान हवं असेल तर रुगर एलसीपी आहे. २००८ मध्ये आलेल्या या पिस्तुलाचं वजन रिकामं असताना २७० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जाड कव्हर घातलेल्या मोठ्या मोबाईलएवढं. खिशात मावतं. आणि जुन्या लोकांचं लाडकं म्हणजे स्मिथ अँड वेसनची पाच गोळ्यांची, आखूड नळीची रिव्हॉल्व्हर. १९५० पासून तिची घडण फारशी बदललेली नाही.

मग सगळ्यात छोटंच का घेऊ नये?

दुकानात जवळजवळ प्रत्येक नवखा इथेच फसतो. छोटं पिस्तूल हातात घेतलं की गोड वाटतं, आणि लहान म्हणजे चालवायला सोपं अशी समजूत होते. प्रत्यक्षात उलटं आहे.

गोळी पुढे जाताना पिस्तूल मागे ढकललं जातं. शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियमच तो. पिस्तूल जड असेल तर हा धक्का त्याच्या वजनात जिरतो. हलकं असेल तर तो सरळ तुमच्या तळहातात येतो. त्यात मूठ आखूड असते, करंगळीला जागाच राहत नाही, त्यामुळे धरायला दोनच बोटं उरतात. पिस्तूल प्रत्येक गोळीनंतर वर उसळतं आणि पुन्हा नेम धरायला वेळ लागतो.

नेमाचंही तसंच. पिस्तुलावर मागे एक खाच आणि पुढे एक खुंटी असते, दोन्ही जुळवून नेम धरतात. या दोघांतलं अंतर जितकं कमी, तितकी हाताची छोटीशी चूकही निशाण्यावर मोठी होऊन दिसते. पट्टी आखूड असली की रेघ वाकडी जाते, तसंच काहीसं.

तिसरी अडचण फारशी कुणी सांगत नाही. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात गोळी सुटली की वरचा पोलादी भाग मागे जाऊन रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि पुढे येताना नवी गोळी आत घेतो. त्या भागाला स्लाइड म्हणतात. हे नीट घडायला खालची चौकट हाताने घट्ट धरलेली असावी लागते. मनगट सैल पडलं तर स्लाइडला पुरेसा रेटा मिळत नाही आणि गोळी अडकू शकते. हलक्या, छोट्या पिस्तुलात हे जास्त होतं. म्हणजे ज्याच्या हातात सराव नाही त्याच्याच हातात ते अडण्याची शक्यता जास्त.

शिवाय छोट्या पिस्तुलाची स्प्रिंग बऱ्याचदा कडक असते आणि स्लाइड मागे ओढायला जोर लागतो. संधिवात असलेल्या माणसाला ते जमतच नाही. अशांना दुकानदार रिव्हॉल्व्हर सुचवतो. बायकांना तर हमखास, कारण ‘तुमच्या पर्समध्ये बसेल’. हा सल्ला माझ्या मते अर्धवट आहे. रिव्हॉल्व्हरला स्लाइड ओढावी लागत नाही हे खरं, पण तिचा ट्रिगर दाबायला पाच किलोच्या आसपास जोर लागतो. ग्लॉकसारख्या पिस्तुलाला त्याच्या निम्मा पुरतो. आणि चारशे-सव्वाचारशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरचा धक्का अनुभवी लोकांनाही नकोसा होतो. ज्याने तळहात दुखतो, त्याचा सराव माणूस टाळतो.

गोळी कोणती, हा वाद कुठून आला?

११ एप्रिल १९८६ ला मायामीमध्ये एफबीआयच्या एजंटांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. दोन एजंट मारले गेले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच ९ मिलिमीटरची गोळी वर्मी लागली होती, पण ती हृदयापर्यंत पोहोचण्याआधीच थांबली आणि तो लढत राहिला. ठपका गोळीवर आला. एफबीआय आधी १० मिलिमीटरकडे वळली, मग पॉइंट ४० कडे. देशभरचे पोलीस तिच्या मागे गेले.

याच काळात एफबीआयने जेलमध्ये गोळ्या झाडून पाहण्याची चाचणी ठरवली. गोळी निदान १२ इंच आत गेली पाहिजे, पण १८ इंचांच्या पलीकडे जाऊ नये, नाहीतर ती पार होऊन मागच्या माणसाला लागेल. कंपन्या ही चाचणी समोर ठेवून गोळ्या सुधारत गेल्या, आणि २०१४-१५ च्या सुमारास एफबीआय परत ९ मिलिमीटरवर आली. धक्का कमी, मॅगझिनमध्ये गोळ्या जास्त, आणि एजंटांचा नेमही सुधारतो, असा तिचा हिशेब होता.

म्हणून आज लपवून बाळगायच्या पिस्तुलात ९ मिलिमीटरचाच बोलबाला आहे. रुगर एलसीपीची पॉइंट ३८० ची गोळी जाडीला तेवढीच असते, पण तिचं काडतूस आखूड आणि त्यात दारू कमी. धक्का थोडा सौम्य, पण एफबीआयच्या चाचणीत ती बऱ्याचदा काठावर असते.

पिस्तुलापेक्षा होल्स्टर महत्त्वाचं

होल्स्टर म्हणजे पिस्तुलाची म्यान. कमरेच्या आत, समोर पोटाशी किंवा उजव्या कुल्ल्यामागे ते अडकवतात. त्याचं पहिलं काम ट्रिगर पूर्ण झाकणं. ग्लॉकसारख्या बऱ्याच पिस्तुलांना अंगठ्याने लावायचा सेफ्टी खटका नसतोच, ट्रिगर दाबला की गोळी सुटते. त्यामुळे नुसतं खिशात किंवा पँटीत खोचणं म्हणजे स्वतःच्या मांडीशी जुगार. सिनेमातले हिरो काय वाटेल ते करोत.

पर्सचं प्रकरण तर आणखी वाईट. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहो राज्यातल्या एका दुकानात एक आई आपल्या दोन वर्षांच्या मुलाला ट्रॉलीत बसवून खरेदी करत होती. पिस्तूल तिच्या पर्समध्ये होतं, आणि पर्स खास त्यासाठी वेगळा चेनचा कप्पा असलेली होती. मुलाने हात घातला, गोळी सुटली आणि आई जागीच गेली. म्हणूनच अनेक प्रशिक्षक सांगतात की शस्त्र अंगावरच असावं, आणि अंगावर नसेल तेव्हा कुलुपात. रात्री उशीखाली, कपाटाच्या वर, गाडीच्या कप्प्यात या तिन्ही जागा कुलुपात मोडत नाहीत.

घरात बंदूक आणण्याच्या हिशेबात आणखी एक बाजू धरावी लागते. २०२३ मध्ये अमेरिकेत ४६ हजारांहून जास्त लोक गोळीने मेले. त्यातले निम्म्याहून बरेच जास्त मृत्यू हे खून नव्हते, आत्महत्या होत्या. घरात कुणी नैराश्यातून जात असेल, तर कोणतं मॉडेल हा प्रश्न तिथेच थांबवावा.

घेण्याआधी आणि घेतल्यावर

रेंजवर भाड्याने तीन-चार मॉडेलं चालवून बघणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग. दुकानात हातात घेऊन काही कळत नाही. प्रत्येकातून पन्नासेक गोळ्या झाडल्या की शेवटच्या दहा कुठे लागतात ते बघायचं, कारण हात तोवर थकलेला असतो. बऱ्याच जणांचं इथे मत बदलतं: दुकानात पी३६५ वर जीव जडलेला असतो आणि कागदावरची भोकं मात्र ग्लॉक १९ ची जवळजवळ पडलेली असतात. मग निवड दोन गोष्टींवर येते. रोज कोणते कपडे घालता? आणि महिन्यातून किती वेळा रेंजवर जाल? ढगळ शर्ट आणि नियमित सराव असेल तर सडपातळ पिस्तूल जमतं. सराव जमणार नसेल तर मोठ्याकडे जावं, आणि मोठं लपवणं जमत नसेल तर बाळगूच नये.

राज्याची हद्द ओलांडताना सगळे नियम बदलतात. पेनसिल्व्हेनियाचा परवाना खिशात घालून डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की न्यू जर्सीत तो निव्वळ कागद, कारण न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याच राज्याचा परवाना मानत नाही. एडिसनला गणपतीच्या कार्यक्रमाला निघालेल्यांनी हे आठवावं. पोस्ट ऑफिससारख्या केंद्रीय इमारतींत शस्त्र न्यायला देशभर मनाई आहे. आणि विमानतळ? २०२३ मध्ये अमेरिकन विमानतळांच्या तपासणीत प्रवाशांच्या हातातल्या सामानात ६,७३७ बंदुका सापडल्या. त्यातल्या ९३ टक्के भरलेल्या होत्या. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: बॅगेत आहे हेच विसरलो.

भारतात येताना तर बॅगेचा प्रत्येक कप्पा उलटा करून बघावा. रेंजवर वापरलेल्या बॅगेच्या तळाशी राहिलेलं एक जिवंत काडतूससुद्धा मुंबई विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवायला पुरतं. तिकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी ९ मिलिमीटरची गोळी इथे सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. इथल्या परवानाधारकाला पॉइंट ३२ सारखे मोजके बोअर मिळतात. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाची अर्धा किलोची रिव्हॉल्व्हर काढली, तीही पॉइंट ३२ चीच. किंमत होती सव्वा लाखाच्या आसपास, आणि परवान्यासाठी रांग नेहमीचीच.