गोमंतकातील धर्म, दास्य आणि स्थलांतर

गोमंतकातील अघनाशिनी नदी, जिला पुढे झुआरी हे नाव रूढ झाले, तिच्या पात्राने सोळाव्या शतकात दोन राज्ये विभागली होती. एका तीरावर साष्टी महाल. तेथे १५४३ पासून पोर्तुगालच्या राजाची सत्ता. नदीच्या वरच्या अंगाला पलीकडे अंत्रुज महाल. तेथे विजापूरच्या आदिलशहाचा अंमल. १५६० ते १५६७ या अवघ्या सात-आठ वर्षांच्या अवधीत या नदीतून आणि तिच्या आसपासच्या वाटांनी कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा मार्दोळास, लोटलीचा रामनाथ आणि कोलव्याची महालक्ष्मी बांदिवड्यास स्थिरावली. मडगावच्या दामोदराने दक्षिणेची वाट धरली आणि कुशावतीकाठी जांबावलीस आश्रय घेतला. हिंदूंच्या देवांना ख्रिस्ती राजाच्या कायद्यापासून निवारा मिळाला तो एका मुसलमान सुलतानाच्या मुलखात. धर्मांच्या इतिहासाचे सरळ हिशेब मांडू पाहणाऱ्याने ही गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवावी.

या साऱ्या घडामोडींचे मूळ गोमंतकात नव्हे, तर रोममध्ये शोधावे लागते. १४५२ साली पोप पाचवा निकोलस याने पोर्तुगालचा राजा पाचवा आफोन्सो यास एक आज्ञापत्र दिले. मुसलमान व मूर्तिपूजक यांची राज्ये जिंकावीत, त्यांची मालमत्ता घ्यावी आणि त्यांच्या देहांना कायमच्या दास्यात ठेवावे, अशी मुभा त्यात होती. १४५५ च्या दुसऱ्या आज्ञापत्राने तीच मुभा अधिक विस्ताराने दृढ केली. त्या वेळी पोर्तुगीजांची जहाजे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे गेलेली नव्हती. वास्को द गामाचे कालिकतला येणे अद्याप त्रेचाळीस वर्षे दूर होते. म्हणजे हिंदुस्थानचा किनारा दृष्टीस पडण्यापूर्वीच तेथील अख्रिस्ती माणसाची कायदेशीर अवस्था कागदावर ठरून गेली होती. या मोबदल्यात राजाने परदेशात धर्मप्रसाराचा भार उचलावा, बिशप नेमावेत, चर्चेस बांधावीत असा करार झाला. यालाच पाद्रुआदो म्हणत. तलवार, तराजू आणि क्रूस एकाच गलबतातून आले ते या कराराच्या बळावर.

आफोन्सो द आल्बुकेर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवे शहर दुसऱ्यांदा व कायमचे घेतले. त्या प्रसंगी शहरातील मुसलमानांची मोठी कत्तल झाली. हिंदूंना मात्र प्रारंभी फारसा उपद्रव झाला नाही. त्यांच्यापैकी तिमोजासारख्यांनी आल्बुकेर्कला साहाय्यच केले होते. सावकार, व्यापारी आणि गावकरी यांच्यावाचून नव्या सत्तेचा गाडा चालणारही नव्हता. तीस वर्षे गेल्यावर चित्र पालटले. १५४० मध्ये तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली. पुढल्याच वर्षी त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळविण्यात आले आणि त्यातूनच सेंट पॉलचे विद्यालय उभे राहिले. देऊळ पाडणे हा एका दिवसाचा आघात असतो. देवळाचे उत्पन्न घेतल्यावर पुजारी, वाजंत्री, माळी, भाविणी, देवळी या सर्वांचा चरितार्थ तुटतो आणि गावाचा कणाच मोडतो. पोर्तुगीज अधिकाऱ्यांना हे पुरते उमगले होते.

फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यास उतरला. चार वर्षांनी त्याने राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मसमीक्षण सभा, स्थापन करण्याची विनंती केली. ती १५६० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, अमलात आली. या सभेविषयी एक गैरसमज अजूनही आढळतो. तिचे बळी प्रामुख्याने हिंदू होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तिचा अधिकार बाप्तिस्मा घेतलेल्यांवर होता आणि तिच्या तावडीत सापडले ते बहुतांशी नवख्रिस्ती. घरात तुळस ठेवली, जुन्या रीतीने श्राद्ध केले किंवा लग्नात हळद लावली, एवढ्यावरून माणसाला पकडून नेले जाई. १५६१ ते १७७४ या काळात तिच्यापुढे सोळा हजारांहून अधिक खटले चालले. १७७४ मध्ये ती बंद झाली, १७७८ मध्ये पुन्हा उघडली आणि अखेर १८१२ मध्ये कायमची संपली. तिची गोव्यातील मूळ दप्तरे त्यानंतर जाळून टाकण्यात आली.

हिंदूंवर जो भार पडला तो निराळ्या वाटेने, दिवाणी कायद्यांच्या वाटेने. १५५९ च्या हुकुमाने पोरक्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती शिक्षणासाठी सेंट पॉलच्या विद्यालयाकडे सोपविण्याची व्यवस्था झाली. बाप दगावला की घरातील बायका मुलांना रातोरात नदीपलीकडे धाडू लागल्या, याचे कारण हा हुकूम होय. वारसाहक्काचे नियम धर्मांतर केलेल्यांना अनुकूल करण्यात आले. लग्न-मुंजींसारखे संस्कार उघडपणे करण्यास बंदी झाली. ज्यांना ते करावयाचे ते हद्दीपलीकडे जाऊन करीत. १५६७ मध्ये राशोलच्या किल्ल्याचा कप्तान दियोगु रॉद्रिगिश याने साष्टीतील देवळांचा विध्वंस पूर्ण केला. गौडपादाचार्यांच्या परंपरेतील मठाचे साष्टीतील मूळ स्थानही या काळच्या विध्वंसात नष्ट झाले आणि पुढे ती परंपरा कवळ्यास स्थिर झाली, हे मठानुयायांस विदित आहेच.

आता ज्या विषयाकडे आपल्या ग्रंथांतून सहसा पाहिले जात नाही, त्याकडे वळणे प्राप्त आहे. ज्या वर्षी साष्टीतील देवळे पडली, त्याच १५६७ साली गोव्यात चर्चची पहिली प्रांतिक परिषद भरली. तिने मूर्तिपूजेविरुद्ध ठराव केले, तसाच दासांविषयीही विचार केला. पण तो विचार माणसाला दास करावे की नाही असा नव्हता. कोणत्या कारणाने धरलेला दास न्याय्य आणि कोणत्या कारणाने अन्याय्य, असा होता. न्याय्य युद्धात पकडलेला, दासीच्या पोटी जन्मलेला, अत्यंत गरजेपोटी बापाने विकलेला, असे काही प्रकार मान्य करण्यात आले. चोरून आणलेल्यांना सोडावे, असे म्हटले गेले. अख्रिस्ती मालकाच्या घरी ख्रिस्ती दास असता कामा नये, हाही दंडक होता. परंतु ख्रिस्ती मालकाच्या घरी बाप्तिस्मा घेतलेला दास दासच राहत असे. आत्मा मुक्त आणि देह बद्ध, अशी ही विभागणी होती.

लिन्सखोटेन हा डच गृहस्थ १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी होता. त्याने १५९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात गोव्याच्या मुख्य रस्त्यावर रोज भरणाऱ्या बाजाराचे वर्णन आहे. जवाहीर, घोडे, मसाले यांच्याबरोबरच तेथे स्त्री-पुरुषांचाही लिलाव होई. १६०८ साली आलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लावाल यानेही तेच पाहिले. हे दास मोझांबिकहून येत, तसेच बंगालहून, चीनहून, एके काळी जपानहूनही येत; जपानी माणसे विकण्यास राजा सेबास्तियांव याने १५७० मध्ये मनाई केली, पण आफ्रिकेतील माणसाला अशी मनाई लाभली नाही. १६०६ मध्ये स्थापन झालेल्या सांता मोनिकाच्या जोगिणींच्या मठातही सेवेसाठी दासी होत्या. आफ्रिकी दासाला पोर्तुगीज ‘काफ्र’ म्हणत. त्यावरून आपल्याकडे ‘खाप्री’ हा शब्द आला. तो आजही कोकणात काळ्या रंगाच्या माणसाला हिणवण्यासाठी वापरला जातो. वापरणाऱ्याला त्यामागील लिलावाची आठवण नसते.

या व्यापारात हिंदूंचा हात नव्हता असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. तसे म्हणता येत नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून गोव्यातील करवसुलीचे मक्ते बहुतेक हिंदू सावकारांकडेच होते. अठराव्या शतकात दीवच्या गुजराती वाणी व्यापाऱ्यांचे कापड मोझांबिकात जाई आणि त्या कापडाच्या बदल्यात हस्तिदंताप्रमाणेच माणसेही खरेदी होत. देवळे पाडणाऱ्या सत्तेशी व्यवहार तुटला नाही. व्यवहाराला धर्माची अडचण क्वचितच वाटली.

दासांपैकी काहीजण पळून जात. त्यांची वाट तीच, जिने देव गेले होते: नदी ओलांडून पोर्तुगीज हद्दीबाहेर आणि मग घाटावरच्या अरण्यात. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, अंकोला या भागांत आज जे सिद्दी लोक राहतात, त्यांतील पुष्कळांचे पूर्वज गोव्यातून सुटलेले दास होत. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्म आहेत. ज्या गावच्या आश्रयाला राहिले, बहुधा त्या गावचा धर्म घेतला. घरात कोकणी-मराठीच्या वळणाची बोली बोलतात. २००३ मध्ये केंद्र सरकारने त्यांना अनुसूचित जमातींत स्थान दिले. देव घेऊन निघालेल्यांची कुळे, गोत्रे, कुलदेवता आणि मठ यांच्या नोंदी चारशे वर्षे जपल्या गेल्या. त्याच घाटाने गेलेल्या या दुसऱ्या प्रवाशांच्या मूळ गावाचे नावही त्यांच्या वंशजांस ठाऊक नाही.

सारस्वतांचे स्थलांतर मात्र अनेक दिशांनी झाले आणि ते केवळ दैन्याचे राहिले नाही. काही कुटुंबे कारवार, अंकोला, गोकर्ण या मार्गाने दक्षिणेस मंगळूर व कोचीपर्यंत गेली. कोचीस डचांचा गव्हर्नर व्हान रीडे याने मलबारच्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघा कोकणी वैद्यांनी त्यास साहाय्य केले. त्यांचे १६७५ चे नागरी लिपीतील प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलेले आहे. उत्तरेकडे गेलेल्यांना मराठी राज्यात वाव मिळाला. शाहू छत्रपतींचे मंत्री नारोराम यांच्या प्रयत्नाने कवळ्याच्या शांतादुर्गेचे देवालय १७३८ च्या सुमारास नव्याने उभे राहिले. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या शब्दावरून पेशव्यांनी १७३९ मध्ये मंगेशी गाव देवस्थानास इनाम दिले. ग्वाल्हेरच्या सारस्वत घराण्यांचा आणि अंत्रुजातील देवळांचा ऋणानुबंध असा जुना आहे. हाकलले गेलेल्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीने परमुलखात मिळविलेल्या मानमरातबातून ही देवळे आजच्या रूपास आली.

मागे राहिले त्यांच्याविषयी कठोर बोलण्याची रीत पडली होती. ‘बाटले’ या एका शब्दात त्यांचा निकाल लावला जाई. पण स्थलांतराला साधन लागते: पलीकडे नातलग, हाताशी पैसा, नाहीतर निदान नेता येईल असा धंदा. ज्याचे सर्वस्व बांधावरचे शेत होते, त्याला शेत डोक्यावर घेऊन नदी ओलांडता येत नव्हती. गावकरीतील हक्क राखावयाचा तर धर्म बदलणे, हाच एक मार्ग कित्येकांपुढे उरला. आणि धर्म बदलूनही समता लाभली नाही. जेझुइटांनी आपल्या संघात हिंदी माणसाला जवळजवळ प्रवेशच दिला नाही. १६८४ च्या हुकुमाने तीन वर्षांच्या आत मातृभाषा सोडून पोर्तुगीज बोलावे, असे फर्मान निघाले. एतद्देशीय पाद्र्यांना वरची पदे नाकारली जात, याच असंतोषातून १७८७ मध्ये कांदोळीच्या पिंतो घराण्याच्या आश्रयाने कट झाला. त्यातील अनेकजण पाद्री होते. पुढल्या वर्षी पंधरा जणांना मृत्युदंड झाला. याच धर्मांतरितांसाठी फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत क्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ मध्ये राशोलास छापले गेले, ही गोष्टही त्याच पुस्तकाचे दुसरे पान आहे. मराठी भाषेवर त्या परक्या माणसाने जितके प्रेम केले तितके तिच्या काही लेकरांनीही केलेले नाही.

अर्वाचीन काळातील प्रवास थोडक्यात सांगता येतो. पोर्तुगीज साम्राज्यात दास्य १८६९ मध्ये कायद्याने रद्द झाले. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, राज्य व चर्च विभक्त झाली आणि गोव्यातील हिंदूंना नागरिकत्वाचे समान हक्क मिळाले. तोपर्यंत गोमंतकीयांचा ओघ मुंबईकडे आणि पूर्व आफ्रिकेकडे वळलेला होता. मुंबईस धोबीतलावाच्या परिसरात ख्रिस्ती गोमंतकीयांचे गावोगावचे ‘कूड’ निघाले: एका गावची माणसे, एक छप्पर, एक संताची वेदी. हिंदू गोमंतकीय वाळकेश्वरच्या कवळे मठात किंवा आपापल्या ज्ञातीच्या वसतिगृहात उतरत. दोन्ही घरांत पाहुण्यास पहिला प्रश्न एकच विचारला जाई, गाव कोणता? ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने १४५२ व १४५५ च्या आज्ञापत्रांचा नामनिर्देश करून त्यांतील विचार चर्चच्या शिकवणीचा भाग नव्हे, असे जाहीर केले.

शेवटी कुंकळ्ळीचा उल्लेख करावयास हवा. १५ जुलै १५८३ रोजी तेथील गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्यांत नुकताच अकबराच्या दरबारातून परतलेला रुडॉल्फ आक्वाविवा होता. देवळे जाळणारी मोहीम आणि हे पाच जण गावकऱ्यांच्या दृष्टीस वेगळे दिसले नाहीत. पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून दग्याने मारले. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्यास गेली. मारले गेलेल्या पाद्र्यांना चर्चने १८९३ मध्ये धन्य घोषित केले. पुढाऱ्यांचे स्मारक उभे राहण्यास त्यानंतरही बराच काळ जावा लागला. दरवर्षी फाल्गुनात छत्र्योत्सवाच्या दिवशी देवी फातर्प्याहून कुंकळ्ळीस आपल्या मूळ जागी येते. बारा वांगडांच्या बारा छत्र्या पुढे नाचत असतात. गुलालाने माखलेल्या त्या गर्दीत, ज्यांचे पूर्वज मागे राहिले ते ख्रिस्ती गावकरीही असतात. त्यांचीही कुळे त्याच बारा वांगडांतील आहेत.