वेब नकाशे आणि पर्यटक: पाटी एका नावाची, शोध दुसऱ्या नावाचा

वेब नकाशा म्हणजे मोबाईलवर बोटाने सरकवता, मोठा-लहान करता येणारा नकाशा. खुणेवर बोट ठेवलं की ठिकाणाचं नाव, वेळा, फोटो आणि जायचा रस्ता उघडतो. गुगल मॅप्स २००५ मध्ये आलं. त्याच्या आदल्या वर्षी ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला होता. तो विकिपीडियासारखा आहे. खातं उघडून कुणीही त्यात रस्ता, बसथांबा, पिण्याच्या पाण्याची जागा भरू शकतो.

सीमाभागात पर्यटकाची पहिली अडचण नावाची. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकात बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं, विजापूरचं विजयपुरा, गुलबर्ग्याचं कलबुर्गी. घरात मात्र जुनीच नावं चालतात. गोल घुमट बघायला निघालेलं कुटुंब विजापूर म्हणतं आणि रस्त्यावर पाटी विजयपुऱ्याची. मोठ्या शहरांची दोन्ही नावं नकाशे सहसा ओळखतात. पंचाईत होते ती लहान गावांची. मराठी, कन्नड, कोकणी उच्चार वेगळे, त्यात इंग्रजी स्पेलिंगची भर. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एकाच ठिकाणासाठी प्रत्येक भाषेचा वेगळा रकाना असतो, जुन्या नावाचाही असतो. आपल्या गावाचा मराठी रकाना रिकामा असेल तर तो गावातल्याच माणसाने भरायचा. लांबचा माणूस भरेल तेव्हा स्पेलिंगवरून अंदाजाने भरेल.

दुसरी अडचण घाटाची. चोर्ला, अनमोडच्या जंगलात रेंज मध्येच जाते. त्यामुळे निघण्याआधी घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा उतरवून घ्यावा. गुगल मॅप्समध्ये ही सोय आहे. ओस्मअँड हे ॲप ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा तसाच ऑफलाइन दाखवतं. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, म्हणून आपण कुठे आहोत ते रेंज नसतानाही कळतं. पुढे वाहतूक तुंबली आहे का, हे मात्र कळत नाही.

नुसत्या खुणेवर विसंबणंही बरं नव्हे. दूधसागर धबधब्याची खूण नकाशावर चटकन सापडते, पण स्वतःची गाडी तिथवर जात नाही. गोव्यातल्या कुळ्याहून जीप करावी लागते आणि भर पावसाळ्यात ती बंद असते. जवळून रेल्वे जाताना दिसते म्हणून रुळांवरून चालत जाणं धोक्याचं आणि बेकायदा आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर वेळांच्या रकान्यात महिनेही लिहिता येतात. गुगलवर चुकलेली वेळ 'बदल सुचवा' या पर्यायातून कळवता येते. दोन्हीला पैसे पडत नाहीत.