पाकिटाचा उजवा कोपरा

२००५ च्या नाताळासाठी ब्रिटनच्या रॉयल मेलने माता आणि बालक या विषयावर तिकिटे काढली. त्यातल्या ६८ पेन्सच्या तिकिटावरचे चित्र थेट मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातून घेतलेले होते. सतराव्या शतकातले हे मुघल शैलीतले चित्र. त्यात बाळ येशूजवळच्या पुरुषाच्या कपाळावर वैष्णव टिळा आहे आणि स्त्रीच्या कपाळावर कुंकू. तिकीट बाजारात येताच ब्रिटनमधल्या काही हिंदू संघटनांनी हरकत घेतली: हिंदू जोडपे ख्रिस्ताची पूजा करताना दाखवणे योग्य नाही. रॉयल मेलने खेद व्यक्त केला आणि हे तिकीट पुन्हा छापणार नाही असे सांगितले.

हरकत घेणाऱ्यांची भावना समजण्यासारखी आहे. पण चित्रकाराने येशूच्या कुटुंबाला आपल्या देशातले चेहरे दिले, यात अपमान शोधणे त्या चित्रावर अन्याय करणारे होते.

असे चित्र निर्माण कसे झाले, याचा इतिहास खानदेशाच्या सीमेवरून जातो. १५८० मध्ये गोव्याचे जेझुइट पाद्री फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात पोहोचले. त्यांनी सोबत नेलेल्या युरोपीय चित्रांच्या नकला दरबारी चित्रकार करू लागले आणि हळूहळू त्यांत आपले रंग, आपली वस्त्रे, आपले चेहरे भरू लागले. पुढे अकबर दक्षिणेच्या स्वारीवर निघाला. १६०१ मध्ये असीरगड त्याच्या हाती आला आणि फारुकींचे राज्य संपून खानदेश मुघल सुभा झाला. या स्वारीत अकबराच्या छावणीत जेरोम झेवियर हे पाद्रीही होते. असीरगडाच्या वेढ्याच्या ज्या हकीकती आज वाचायला मिळतात, त्यांतली एक या झेवियर यांच्या पत्रांवरून युरोपात छापली गेली. रावेरहून बऱ्हाणपूरला जाणाऱ्या माणसाला त्या किल्ल्याची आठवण काढायला हे एक कारण पुरेसे आहे.

टपाल तिकिटावर धर्म येण्याची सुरुवात मात्र खूप नंतरची. ब्रिटिश काळात तिकिटावर राणीचा वा राजाचा चेहरा असे. १९३५ मध्ये पंचम जॉर्जच्या रौप्यमहोत्सवी मालिकेत त्या चेहऱ्याशेजारी रामेश्वरमचे देऊळ, अमृतसरचे सुवर्णमंदिर आणि कोलकात्याचे जैन मंदिर दिसले. स्वातंत्र्यानंतर १५ ऑगस्ट १९४९ ची मालिका तर मंदिरे, स्तूप आणि मकबऱ्यांनी भरलेली होती. तिचे सर्वांत स्वस्त, तीन पैचे तिकीट अजिंठ्याच्या शिल्पपट्टाचे होते. जळगाव स्टेशनावर उतरून फर्दापूरच्या रस्त्याला लागणारे प्रवासी ज्या लेण्यांसाठी येतात, त्यांचेच हे चित्र. याच मालिकेतल्या एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती आरशात दिसावी तशी उलटी छापली गेली, आणि १९५० मध्ये ती सुधारून पुन्हा काढावी लागली. मूर्तीचा कोणता हात कुठे, याला अर्थ असतो. नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये ही तिकिटे छापली जात.

मग नाताळाच्या पाकिटावर कोणते तिकीट लावायचे? स्वतंत्र भारताने बराच काळ खास नाताळाचे तिकीट काढलेच नाही. ऑस्ट्रेलियाने १९५७ मध्ये, अमेरिकेने १९६२ मध्ये, ब्रिटनने १९६६ मध्ये ते सुरू केले. आपल्याकडे प्रसंगानुरूप संत येत राहिले. २ डिसेंबर १९६४ रोजी, पोप पॉल सहावे मुंबईच्या युकॅरिस्टिक काँग्रेससाठी आले त्या दिवशी, संत थॉमस यांचे १५ पैशांचे तिकीट निघाले. त्या महिन्यात नाताळाच्या पाकिटावर याहून नेमके तिकीट मिळाले नसते. १९७३ मध्ये थॉमस पुन्हा आले, १९७४ मध्ये फ्रान्सिस झेवियर, १९८० मध्ये मदर तेरेसा, आणि १९८९ मध्ये पंडिता रमाबाई, ज्यांचे नाव मराठी ख्रिस्ती घरांत आजही आदराने घेतले जाते. येशूच्या जन्माला दोन हजार वर्षे झाल्याचे तिकीट २५ डिसेंबर १९९९ रोजी निघाले. खुद्द 'ख्रिसमस' या विषयावरची तिकिटे २००८ च्या डिसेंबरात आली.

खानदेशात या निवडीला गिऱ्हाईक होते. भुसावळची रेल्वे वसाहत आणि तिथली चर्चेस, नंदुरबार-नवापूर पट्ट्यातली आदिवासी ख्रिस्ती गावे, जिथे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे काम झाले, आणि धुळ्या-जळगावातली मराठी ख्रिस्ती कुटुंबे. नंदुरबार १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते. भुसावळ हे तर टपालाचेच गाव. रेल्वे मेल सर्व्हिसच्या 'एल' विभागाचे मुख्यालय इथे. दिवाळी असो की नाताळ, पाकीट न चिकटवता झाकण आत खोचून 'बुक पोस्ट'ने कार्ड टाकण्याची रीत सगळीकडचीच होती. त्यात दर कमी पडत असे, म्हणून बहुतेकांच्या पाकिटावर खिडकीत मिळेल ते साधे तिकीट चिकटे. ज्याला संतांचे तिकीट हवे, त्याला ते वेळेवर घेऊन ठेवावे लागे.

आज कार्डे मोबाइलवर गेली, तरी टपाल खात्याची 'माय स्टॅम्प' योजना २०११ पासून आहे. तीत आपल्या पसंतीचे छायाचित्र देऊन तिकिटांचा छापील ताव मागवता येतो. भुसावळच्या एखाद्या चर्चचा दर्शनी भाग, नवापूरकडच्या एखाद्या गावातला गोठ्याचा देखावा, हे सगळे पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात बसू शकते. धुळे आणि जळगावच्या मुख्य टपाल कार्यालयांनी नोव्हेंबरातच याची पाटी खिडकीवर लावावी, आणि चर्चच्या तरुण मंडळांनी एकत्र मिळून एखादा ताव छापून घ्यावा. मराठी ख्रिस्ती नाताळाचे चित्र टपालावर यायला आता दिल्लीची वाट पाहण्याची गरज उरलेली नाही.